पश्चिमेची भिंत

३ एप्रिल

चि. चिऊस अ. उ. आ.

घरावर छत चढलं. काल तुझे वडील, म्हणजे आमचे दादा, बघायला आले आणि पश्चिमेची भिंत बघून भडकलेच. म्हणे, दोन हात जाड भिंत आणि खिडकी वीतभर? हा काय तुरुंग आहे? समोरच्यांसारखी छतापर्यंत काच हवी. मी म्हटलं, घर माझं आहे. तर म्हणाले, तुला बांधकामातलं काय कळतं! येत्या आठवड्यात माणसं आणून भिंत फोडणार आहेत. काय करू ते लगेच कळव.

तुझी आत्या

७ एप्रिल

ती. आत्यास सा. न.

बाबांचं पत्र मलाही आलं. पोरीला आर्किटेक्ट केलं ते काय कोठड्या बांधायला, असं लिहिलंय. लिहू देत!

नकाशा मी हवेत काढलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात जुन्या घरात तू दिवसभर खुर्ची कुठे कुठे सरकवतेस ते कळवायला सांगितलं होतं, आठवतं? दुपारनंतर पश्चिमेच्या खोलीत तू एकदाही टेकली नाहीस. म्हणून तिकडे जाड भिंत, आणि वारा येतो त्या बाजूला मोठ्या खिडक्या. पश्चिमेला काच लावली तर घराची भट्टी होईल, मग बसा एसी लावून वीज जाळत.

जन्मभर तू पत्र्याखाली शिवणयंत्र चालवलंस. आता पुन्हा उकाड्यात बसायचं नाही. भिंत फुटली तर मी त्या घरात पाय ठेवणार नाही, बाबांना खुशाल सांग.

हट्टात तुझीच,
चिऊ

११ एप्रिल

चि. चिऊस अ. उ. आ.

दादा हातोडा घेऊन आले. मी तीच खुर्ची भिंतीला टेकवून ठाण मांडलं. म्हटलं, आधी मला उचला, मग भिंत! माणसं गालातल्या गालात हसली आणि चहाला निघून गेली. दादांनी माझे लहानपणापासूनचे सगळे हट्ट उकरून काढले. मी जागची हलले नाही. शेवटी घशाला कोरड पडली तेव्हा दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसले.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. बोलता बोलता दादा गप्प झाले. बघते तर काय, चक्क घोरताहेत! अगं, पंखा नाही, अजून वीजही आलेली नाही, तरी कपाळावर घामाचा टिपूस नाही. उठले की पुन्हा भांडतील. भांडू देत, मी इथेच आहे.

लोभ आहेच, तो या भिंतीइतका जाड राहो.

आत्या

ता. क. दादा उठले. पाणी प्यायले, आणि खुर्ची इथेच राहू दे, उद्या दुपारी येतो म्हणाले. हातोडा न्यायला विसरले. मीही आठवण करून दिली नाही.