निळ्या फाटकाच्या घराच्या दारामागे काय होते

प्रति,
मा. सांस्कृतिक अधिकारी,
नगरपालिका कार्यालय,
स्तुफारी.

विषय : ‘बर्फाखाली’ या गेममधील सातव्या घराच्या दारामागची जागा रिकामी न सोडण्याबाबत.

संदर्भ : १) नगरपालिका व कु. इलिन्का स्त्रोए यांच्यातील करार, कलम सहा.
२) त्या वादळाबाबतच्या माझ्या आठवणी, एकूण एकोणीस बैठका.
३) माझा २ डिसेंबरचा अर्ज, ज्याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

महोदय,

मी सेवास्तित्सा मोकानु, वय एकोणऐंशी, राहणार विहिरीची गल्ली, घर क्रमांक सात. एकतीस वर्षे मी या गावात टपाल वाटले. आपले वडील सैन्यात असताना त्यांची पत्रे मीच आपल्या आईच्या हातात देत असे. त्यामुळे ‘साहेब तुम्हाला ओळखत नाहीत’ असे आपल्या कार्यालयातील मुलीने सांगितले तेव्हा मला जरा नवल वाटले. असो. सविस्तर विनंती अशी :

१. मी गेमच्या विरोधात नाही. काहीच कळत नसताना तक्रार करणारी म्हातारी समजून हा अर्ज बाजूला ठेवू नये. १९५४ च्या फेब्रुवारीत आपले गाव छपरांपर्यंत बर्फात गाडले गेले, त्या दिवसांवर हा गेम आहे आणि येत्या ३ फेब्रुवारीला तो जगभर प्रसिद्ध होणार आहे. या दिवसाची माझ्याइतकी वाट गावात कोणी पाहिली नसेल. चार वर्षांत तारीख तीनदा पुढे गेली. आधी ईस्टर ठरला होता, मग द्राक्षांचा हंगाम, मग नाताळ. सांस्कृतिक भवनातल्या फळ्यावर ‘उरलेले दिवस’ हा आकडा दर वेळी पुसून नवा लिहिला गेला आणि दर वेळी मी तो माझ्या कॅलेंडरवर उतरवला. गेल्या मे महिन्यात चाचणीची आवृत्ती आली तेव्हा मी नवा चष्मा केला. आजवर मी त्यात एकेचाळीस वेळा मेले आहे. बहुतेक वेळा धुराड्याने घात केला. काठीने ते मोकळे करायचे राहून जाते आणि धूर घरात भरतो. माणूस एकदा मेला की खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागतो. हे योग्यच आहे. एका मोठ्या कंपनीने ‘सोपा पर्याय ठेवा, आम्ही विकतो’ असे कळवले, तेव्हा इलिन्काने नकार दिला. त्या दिवशी मी तिला आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी पाठवली होती.

२. इलिन्का आणि तिचे दोघे सोबती जुन्या चित्रपटगृहाच्या माडीवर काम करतात. ती जागा नगरपालिकेने दिली आहे, म्हणूनच हा अर्ज आपल्याकडे आहे. दोन हिवाळे ती आवाज टिपायचे यंत्र घेऊन माझ्याकडे येत होती. सूर्यफुलाची ताटे किती वेळ जळतात, गोवरी किती वेळ धगधगते, मक्याचे पीठ किती पातळ शिजवले की पाच जणांना पुरते, हे सगळे तिने माझ्याकडून घेतले. तिला लांडगे घालायचे होते. मी म्हटले, “लांडगे नव्हते. एवढ्या बर्फातून लांडगा चालेल कसा? त्याला का गावच्या सरपंचानं बोलावलं होतं?” ती हसली आणि लांडगे काढून टाकले. “आजी, चूल विझल्यावर पाणी किती वेळात गोठायचं?” असे ती विचारी, आणि मी म्हणे, “बादलीतलं की नाकातलं?” अशा बैठका होत्या त्या. मला मूलबाळ नाही. त्या पोरीला मी माझ्या आईच्या हातची चीज-पोळी शिकवली.

३. सतराव्या बैठकीत मी तिला यंत्र बंद करायला सांगितले. तिने ते बंद केले आणि मला दिसेल असे उलटे करून मेजावर ठेवले. मग मी जे सांगितले ते सत्तर वर्षांत कोणालाच सांगितले नव्हते. ते असे. वादळाच्या तिसऱ्या दिवशी आमच्या शेजारणीचे, लिक्सान्द्राचे, बोरूच्या ताटांनी शाकारलेले छप्पर बर्फाच्या भाराने खाली आले. तिचा नवरा कामावर दूर अडकला होता. सहा वर्षांच्या नास्तासेला गाईच्या पोटाशी झोपवून ती मदत मागायला निघाली आणि आमच्या दारापर्यंत पोचली. तिने दार वाजवले. माझ्या आईने उघडले नाही.

मार्चमध्ये बर्फ वितळले तेव्हा ती आमच्या फाटकापासून बारा पावलांवर सापडली. गावाने ठरवले की ती विहिरीकडे जाताना वाट चुकली. नास्तासेलाही तसेच सांगण्यात आले. गाईच्या उबेने तो वाचला होता.

४. इलिन्का त्या दिवशी मला म्हणाली, “आजी, हे इथंच राहील.” करारातील कलम सहाही तेच सांगते : माणसांची नावे आणि घरांच्या खुणा बदलल्या जातील. तिने नावे बदलली. खुणा मात्र ठेवल्या. ऑक्टोबरमध्ये चाचणीच्या आवृत्तीत नवा भाग आला, तेव्हा त्यात निळे फाटक होते, वर पत्र्याचा कोंबडा होता, आणि कोंबड्याची शेपटी मोडलेली होती. त्या फाटकाचा फोटो मीच तिला दिला होता. खेळणारा माणूस तिसऱ्या दिवशी छप्पर कोसळलेल्या घरातून निघतो, कितीही दारे वाजवू शकतो, आणि बाकी सगळी उघडतात. सातवे उघडत नाही.

५. यानंतर काय झाले ते आपणास माहीत असावे. खेळणारे लोक संगणकावर एकमेकांना पत्रे लिहितात. त्यांपैकी काही मला वाचून दाखवण्यात आली. सातव्या घरात राहते तिला त्यांनी ‘हडळ’ असे नाव दिले आहे. पोर्तुगालमधील एका गृहस्थाने शोधून काढले की कुऱ्हाड मिळाली तर सातव्या घराचे फाटक तोडून जाळता येते आणि त्यावर बारा मिनिटे निभतात. आता सगळे तसेच करतात. माझ्या आईचे फाटक रोज हजारो वेळा चुलीत जाते. गावातली शाळेतली मुले माझे खरे फाटक तीनदा वाजवून पळून जातात. मुलांबद्दल माझी तक्रार नाही.

६. माझी तक्रार नास्तासेबद्दल आहे, म्हणजे त्याच्या वतीने आहे. आईने त्याला त्या मार्चपासून सैन्यात जाईपर्यंत रोज आमच्या घरी जेवू घातले. पहिले ताट त्याचे असे. माझे भाऊ कुरकुरत, तर आई त्यांना दटावी. तो तिला ‘तिन्का-आई’ म्हणायचा. तिच्या शवपेटीला पहिला खांदा त्याने दिला. गेली वीस वर्षे दर शनिवारी तो फाशांचा पट घेऊन माझ्याकडे येत असे, आणि हरला की फासे वाकडे आहेत म्हणत असे.

१६ नोव्हेंबरला सांस्कृतिक भवनात सर्वांना गेम दाखवला गेला. त्याची नात खेळत होती, तो मागे उभा होता. फाटक आले तेव्हा तो म्हणाला, “हा कोंबडा तर आपल्या सेवास्तित्साचा.” लोक हसले. नातीने दार वाजवले. उघडले नाही. तिने पुन्हा वाजवले. तेव्हा तो हसायचा थांबला. मी तीन खुर्च्या सोडून बसले होते.

त्याच संध्याकाळी तो माझ्याकडे आला तो पटाशिवाय. बसला नाही. बोलणे जसेच्या तसे देते.

“ती वाट चुकली नव्हती.”

“नाही.”

“तुला माहीत होतं.”

“मी नऊ वर्षांची होते, नास्तासे.”

“त्यानंतर तू दहा वर्षांची झालीस. वीस झालीस. एकतीस वर्षं माझ्या घरी टपाल आणलंस.” मग टोपी हातात फिरवत तो म्हणाला, “तुझी आई मला जेवू घालत होती की फेडत होती?”

त्यानंतर आठ शनिवार गेले.

७. मी माडीवर गेले. एकेचाळीस पायऱ्या आहेत, कठडा नाही, याचीही आपण नोंद घ्यावी. इलिन्का रडली, पण काम थांबवून रडली नाही. म्हणाली, “आजी, त्या दारापाशी प्रत्येक माणूस थांबतो. इतका कठीण क्षण आम्हाला दुसरा कुठलाच जमला नाही. मला वाटलं, नाव बदललं की झालं.”

मी म्हटले, “यंत्र बंद होतं.”

“हो. पण मी चालू होते.”

मी विचारले, “मग आत मी कुठं आहे? आई कुठं आहे? आजी, भाऊ?”

तेव्हा तिने मला ते घर पडद्यावर फिरवून दाखवले. साहेब, आत काहीच नाही. पुढची भिंत, तीत दार, आणि मागे नुसता राखाडी पोकळपणा. जे दार उघडायचे नसते त्याच्यामागे काही बांधत नाहीत, कामाची तशी पद्धत आहे, असे ती म्हणाली. तिचा सोबती मदत करावी म्हणून म्हणाला, “आजी, आत कुणी नाही म्हटल्यावर कुणाला दोष तरी कसा लागेल?”

मी दोनदा फसले गेले असे मला वाटते. सांगू नये ते सांगितले गेले, आणि तेही अर्धे.

८. म्हणून दारामागे काय होते ते मी येथे लिहून देते. याचा काही भाग मी इलिन्कालाही सांगितलेला नाही.

दुपार होती, पण खिडक्या बर्फाखाली असल्यामुळे दिवा लावला होता. आम्ही पाच जण होतो : आई, आजी, मी, आणि दोन भाऊ. धाकट्याला ताप होता. सूर्यफुलाच्या ताटांचे चार कवळे आणि बावीस गोवऱ्या उरल्या होत्या. पीठ पोत्याच्या तळाशी होते. आमचे दार आत उघडते आणि बाहेर कडीच्या वरपर्यंत बर्फ होते, म्हणजे दार उघडले तर ते सगळे घरात येणार आणि चूल जाणार. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. तेव्हा घरात जे होते ते लिहिते.

ती मुठीने नाही, तळहाताने वाजवत होती. म्हणाली, “तिन्का, मी लिक्सान्द्रा. पोर गोठ्यात आहे.” मी उठले. आईने माझ्याकडे पाहिले, मग चुलीकडे, मग धाकट्याकडे. हातातली चाळणी खाली ठेवली आणि जाऊन दाराला पाठ लावून बसली. आजी मोठ्याने प्रार्थना म्हणू लागली. ती एरवी मनात म्हणत असे. दार आणखी तीनदा वाजले, आणि एकदा अगदी खाली, बर्फात हात खुपसून असावे, आईच्या पाठीपाशी. मग लिक्सान्द्रा म्हणाली, “बरं.” ओरडून नाही. दुकानात मीठ संपले आहे असे कळल्यावर आपण म्हणतो तसे.

आई तिथून संध्याकाळपर्यंत उठली नाही. पुढे पस्तीस वर्षांत तिने दाराला पाठ करून कधी बसल्याचे मला आठवत नाही.

९. २ डिसेंबरच्या अर्जात मी गेम बंद करावा किंवा सातवे दार काढून टाकावे अशी मागणी केली होती. ती मी मागे घेते. दार काढले तर लिक्सान्द्रा पुन्हा विहिरीकडे वाट चुकेल. ते बाहेरून उघडते असे करावे, असे भवनातील काही सज्जनांचे म्हणणे आहे, म्हणजे गावाचे नाव चांगले राहील. तेही करू नये. ते उघडले नव्हते.

माझी विनंती एवढीच आहे की कलम सहाचा भंग झाल्यामुळे नगरपालिकेला जो अधिकार मिळतो तो वापरून कु. स्त्रोए यांना आतली खोली बांधण्यास सांगावे. खेळणाऱ्याला एकदा बाहेरून दार वाजवू द्यावे आणि एकदा आत, आईच्या जागी, बसवावे. आईखेरीज चार तोंडे, चार कवळे, बावीस गोवऱ्या. सोपा पर्याय असू नये. काय बरोबर आहे याची सूचना पडद्यावर येऊ नये. लिक्सान्द्राचे नाव बदलू नये आणि तिन्काचेही नाही. मी लेखी परवानगी जोडत आहे. लिक्सान्द्राच्या नावासाठी परवानगी नास्तासेने द्यायची आहे. त्याने दिली नाही तर हा सगळा अर्ज रद्द समजावा.

यासाठी तारीख चौथ्यांदा पुढे न्यावी लागेल हे मी जाणते. फळ्यावरचा आकडा पुसताना लोक मलाच बोलतील. हृदयाचे डॉक्टर मला फार लांबचे काही ठरवू नका म्हणतात. तरी मी वाट पाहीन.

१०. ती खोली तयार झाल्यावर सर्वांत आधी नास्तासेला खेळू द्यावे, आणि भवनात त्या वेळी फक्त दोन खुर्च्या असाव्यात. तो येईल असे त्याने कबूल केलेले नाही. मी चिठ्ठी लिहून त्याच्या पेटीत स्वतः टाकली आहे. आत बसून त्याने दार उघडायचे ठरवले, तर पुढे काय होते, सगळे वाचतात की सगळे जातात, हे इलिन्का मला विचारील. तिने विचारू नये. ते मला माहीत नाही, आईलाही माहीत नव्हते, आणि माहीत असल्यासारखे कोणी त्यात काही लिहू नये. नास्तासेने दाराला हात घातला की तिथेच पडदा थांबवावा आणि आम्हाला दोघांना थोडा वेळ बसू द्यावे.

आपण या गावातलेच आहात, म्हणून उत्तराची अपेक्षा ठेवते.

आपली नम्र,
सेवास्तित्सा मोकानु
(निवृत्त टपाल कर्मचारी)

स्तुफारी, ११ जानेवारी २०२५

सोबत :
१. करारातील कलम सहाची प्रत.
२. आईचे खरे नाव वापरण्याची परवानगी, सहीनिशी.
३. नास्तासेच्या परवानगीसाठी कोरा कागद.
४. खोलीचा हाताने काढलेला नकाशा. चूल, खाट, पीठ आणि कोण कुठे बसले होते ते दाखवले आहे. दार दोन्ही बाजूंनी काढले आहे.