धार येऊन राहिली

९ नोव्हेंबर, रविवार
आनंदाच्या भरात चहात मीठ पडलं. सगळ्यांनी गपचूप पिऊन टाकला. माझ्या नातीचं, दामिनीचं, लगन जमलं! पोरगा मोहगावचा. लगन तीस तारखेले.

तिले आजीकडून पाणी भरायचा पितळेचा गुंड. पण त्याच्यावर नाव मशीनचं नको म्हणे, आजोबाच्या छिन्नीनं कोरलेलं पाहिजे. तिच्या आजोबांचा जन्म पांढुर्ण्याच्या बाजारात लोकाईच्या भांड्यांवर नावं टाकण्यात गेला. आता ते नाहीत, छिन्न्या आहेत. मी लगेच हो म्हटलं. त्यात काय आहे? ते धार लावत, मी बाजूले बसून वालाच्या शेंगा सोलत होती. सगळं पाहिलेलं आहे. उद्या धार, परवा नाव.

१० नोव्हेंबर
छिन्न्यांचं गाठोडं सोडलं. सगळ्याईले जंग, गंजून लाल. काहून, समजत नाही. दर दसऱ्याले मी त्यांची आंघोळ घालते, ओलं हळदीकुंकू लावते, फडक्यात घट्ट गुंडाळून ठेवते. एवढी सेवा कोण करते? आजकालचं लोखंडच तसं. म्हणजे हे लोखंड जुनंच आहे, पण तरी.

१२ नोव्हेंबर, दुपारी
दगड घेऊन उन्हात बसली. खोबऱ्याचं तेल टाकून घासलं. धार पाहायची आमच्या घरची रीत अशी का, छिन्नीचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवायचं. घसरलं तर बोथट, अडकलं तर धार आली. घसरलं. माझं नखच भांडे घासू घासू गुळगुळीत झालं, त्याले छिन्नी काय करणार? सुनेच्या, छायाच्या, नखावर पाहिलं. तिनं नेलपॉलिश लावून ठेवलेलं. दोष त्याचाच.

१६ नोव्हेंबर, रविवार
माझा पोरगा गुणवंता, दामिनीचा बाप, संत्र्याच्या तोड्यावरून आला, छिन्नी हातात घेतली अन् म्हणे, माय, हिचं टोक तर गोल झालं वं. म्हटलं, तुझ्या बापाचं गोलच होतं. नव्हतं. पण पोरासमोर काय बोलावं? मंग म्हणे, भांड्याच्या दुकानात रोशन मशीननं दोन मिनिटांत नाव टाकून देते. म्हटलं, त्याचं अक्षर म्हणजे मुंग्याईची रांग. दामिनी हसली. माझ्याच बाजूनं आहे पोरगी.

१९ नोव्हेंबर
मोठी छिन्नी वेल्डिंगवाल्याकडे नेली. ग्राइंडरवर धरली तं काय ठिणग्या! दिवाळीच. टोक निळंशार झालं, मोराच्या मानेवानी. एवढी सुंदर धार मी तं पाहिली नव्हती. घरी येऊन जुन्या ताटावर ठोकली तं टोक वाकलं. गुणवंतानं वेल्डिंगवाल्याले फोन केला. तो म्हणे, मी बुढीले सांगतच होतो, घडीघडी पाण्यात बुडव, तापून तिचं पाणी उतरून जाईल, लोखंड नरम पडेल, पण ती ठिणग्या पाहून राहिली होती. दामिनीले मी एवढंच सांगितलं का मोठ्या छिन्नीचं काम नव्हतंच. नाजूक पोरीचं नाव, नाजूक छिन्नी.

नाजूक एकच आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
रोज घासून राहिली. दामिनीचे आजोबा कोपर बरगडीले चिपकवून बसत, म्हणजे छिन्नी हलत नसे. मीही चिपकवलं. छिन्नी हलत नाही, मीच हलते. पण धार येऊन राहिली. दगडात मधोमध नाली पडली, म्हणजे मेहनत दिसते. गुणवंता म्हणे, माय, दगड मस्त कोरून राहिली तू. जळते मेला.

२६ नोव्हेंबर
अडकली! नखात अडकली, अन् पुढंही गेली. फडकं रक्तानं भरलं. दामिनी रडे, छाया हळद आणायले धावे, मी म्हणो, अवं धार पहा, धार! एवढी खुशी मले गुणवंता झाला तेव्हा झाली होती. नवं काम आहे म्हणून छिन्नीची आंघोळ घातली, हळदीकुंकू वाहिलं, फडक्यात गुंडाळून देवापाशी ठेवली. ठणक थांबली का कोरते.

२९ नोव्हेंबर, शनिवार
छिन्नीचं फडकं सोडलं. जंग. टोक खाल्लेलं.

तरी बसली. गुंड मांडीत. दामिनी मेंदीचे हात वर धरून समोर बसली. ठोकलं. घसरली. पुन्हा ठोकलं. गुंडावर साधा ओरखडा नाही. गुणवंता म्हणे, दुकान उघडं आहे, रोशनकडे नेतो. दामिनी म्हणे, नाही बाबा, मशीनचं नाही पाहिजे मले. राहू द्या कोरा. मी गुंड पदरानं पुसून ठेवला.

३० नोव्हेंबर
लगन चांगलं झालं. गुंड कोराच गेला.

४ डिसेंबर, गुरुवार
दामिनीचा फोन आला. मोहगावले त्याईच्या घरी ओळीनं गुंड आहेत, सासूचा, जावांचे, सगळ्याईवर नावं. जाऊ विचारे, यातला तुझा कोणता? दामिनी म्हणे, ज्याच्यावर नाव नाही तो माझा, दुरूनच ओळखू येते, आजी! अन् खदखदा हसली.

म्हटलं, म्हणूनच तं तसा ठेवला मी.

फोन ठेवून छिन्नी काढली. दुसऱ्या अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली.

घसरली.