नमुन्यातला दहा

बाई, हिंदमाताला साडीच्या दुकानावर तुमचा टायपिंगचा क्लास होता ना, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. परवा मुद्दाम जिना चढून बघून आले. दुकानदार म्हणाला, "आंटी, कुठलं मॉडेल?" मी म्हटलं, रेमिंग्टन. टाइपरायटरचं ते नाव त्याला काही कळलं नाही, आणि मी एकटीच हसत खाली उतरले. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. मी साठीला टेकलेय. पण एक गोष्ट अशी घडलीय की ती तुमच्याशिवाय कुणाला सांगून मजा नाही.

गिरणी संपाचं ते पहिलं वर्ष. वडील साचेखात्यात, मागावर कापड विणायचे. गिरणी बंद म्हणून ते दिवसभर घरात, आणि दिवसा घरात वडील बघायची आम्हाला सवयच नव्हती. मी टायपिंग शिकले तर कुठेतरी चिकटेन, असं ठरलं. आई म्हणायची, "ता मशीन बडवान काय होतला गो?" आणि तरी रोज मला वेळेवर घराबाहेर काढायची. तुमच्याकडे आठ मशीनं होती आणि भिंतीवर पुठ्ठ्याला चिकटवलेला, तुम्ही स्वतः टाइप केलेला नमुना. त्यावर सूचना: डावा समास मुळात दहावर असतो, त्याला हात लावू नये. परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती आणि माझं पत्र रोज उजवीकडे सरकलेलं. शेवटी मी धीर करून म्हटलं, "बाई, नमुन्यातच काहीतरी चुकलंय." तुम्ही मानसुद्धा वर केली नाहीत. "नमुना चुकत नाही, बोटं चुकतात. बस खाली." सगळ्या पोरी हसल्या. मी पर्स उचलली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी आलेच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत बसलेय आणि तुम्ही लालबागच्या आमच्या चाळीचे तीन मजले चढून, धापा टाकत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आहात. आई गडबडून पाट शोधतेय. तुम्ही बसतसुद्धा नाही, आधी बोलता. "काल आठही मशीनं तपासली. पाच मशीनांवर समास पंधरावर आहे. दुरुस्तीवाल्याने साफ करताना सरकवला असणार, मी कधी बघितलंच नाही. माझा नमुना चुकला. उद्यापासून ये." वडील कोपऱ्यात पेपर धरून बसलेले. कित्येक महिन्यांत न हसलेला तो माणूस पेपरामागून हसतोय. "बाई, आमच्या खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, चुकला तर कामगाराला बोल लावायचा. घरी येऊन सांगणारं माणूस पहिलंच बघतोय." आईने कोरा चहा दिला, दूध नव्हतं म्हणून मान खाली घालून. तुम्ही आणखी अर्धा कप मागून घेतलात. त्या अर्ध्या कपाची गोष्ट आई पुढे वर्षभर चाळीत सांगत होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर पुठ्ठा भिंतीवरून उतरवलात. "पोरींनो, कागदाला विचारू नका, मशीनला विचारा." आणि माझ्या हातात तुमची लाकडी फूटपट्टी दिलीत. क्लास सुरू व्हायच्या आधी रोज आठही मशीनांचे समास मी तपासायचे. मला ती शिक्षाच वाटली होती. पण आमच्या बॅचची एकही पोरगी समासावरून नापास झाली नाही, आणि निकालाच्या दिवशी तुम्ही म्हणालात, "पट्टी ठेव तुझ्याकडेच."

पुढे गिरगावातल्या एका ऑफिसात टायपिस्ट, मग कॉम्प्युटर, आणि आता लोअर परळला एका डेटाबेसच्या कंपनीत, गिरणीच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. डेटाबेस म्हणजे लोकांची माहिती साठवून ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याच्यासोबत एक नमुन्याची फाइल जाते, ती मी सांभाळते. कुठली गोष्ट मुळात किती आकड्यावर ठेवलेली आहे, ते त्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं. या ओळी नुसत्या माहितीसाठी, पुढे खूण करून बंद ठेवलेल्या; बदलायचं असेल त्याने ती खूण काढून ओळ उघडायची आणि आपला आकडा लिहायचा. एकदा कोल्हापूरहून एका कॉलेजातल्या माणसाचा फोन आला. "मॅडम, फाइलीत लिहिलंय एका वेळी शंभर जण आत येतील. इथं पन्नासावरच दार बंद होतंय. आज निकाल हाय, पोरं ताटकळल्यात." मी न बघता म्हटलं, "फाइलीत आहे तेच असतं. तुम्हीच काहीतरी बदललं असेल." तो बिचारा म्हणाला, "मी कायबी बदललं नाही ओ." फोन ठेवला आणि तुमचा भिंतीवरचा पुठ्ठा आठवला. मी एक कोरा डेटाबेस चालू केला आणि त्यालाच विचारलं. पन्नास! मधल्या कुठल्यातरी आवृत्तीत आतला आकडा बदलला होता आणि नमुन्याला कुणी कळवलंच नव्हतं. लगेच फोन लावला. "माझी फाइल चुकली. ती ओळ उघडा, शंभर लिहा, डेटाबेस बंद करून परत चालू करा." थोड्या वेळाने पलीकडून ओरडा, "आली, मॅडम, पोरं आत आली!"

आमचा टीम लीडर माझ्या मुलीपेक्षा लहान. म्हणाला, "मॅडम, एकदा सगळी फाइल वाचून काढू ना." मी म्हटलं, "आज तू वाचशील रे. पुढच्या वेळी कोण वाचणार?" मग मीच एक प्रोग्रॅम लिहिला. नवी आवृत्ती तयार होताना दर वेळी तो कोरा डेटाबेस चालू करतो, एकेक आकडा त्यालाच विचारतो, नमुन्याच्या ओळीशी ताडून बघतो, आणि जुळलं नाही तर काम तिथेच थांबवतो. पहिल्या दिवशी त्याने एवढा आरडाओरडा केला की विचारू नका. निम्मी भांडणं खोटी होती: फाइल म्हणते अर्धा डझन, डेटाबेस म्हणतो सहा. ते त्याला शिकवलं. काही आकडे डेटाबेस ज्या-त्या कॉम्प्युटरचा आवाका बघून ठरवतो, ते जुळणारच नाहीत. त्यांची वेगळी यादी केली, प्रत्येकापुढे कारण लिहून. उरलेल्या चुका खऱ्या होत्या, त्या दुरुस्त केल्या. आणि गेल्या आठवड्यात त्याने एक नवी चूक पकडली. एक शून्य जास्त. सगळ्यांच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत, शेजारी माझं नाव. टीम लीडर हळूच येऊन म्हणाला, "मॅडम, मी गुपचूप काढून टाकू?" मी म्हटलं, "गुपचूप कशाला? तेवढ्यासाठीच तर लिहिलाय तो!" आणि अशी हसले की पलीकडच्या टेबलावरची पोरं उठून बघायला आली.

हे पत्र कुठे टाकणार मी? राहील खणात. पण लिहायलाच बसलेय तर एक सांगून टाकते. त्या वेगळ्या यादीत एक ओळ आहे. तिच्यापुढे मी कारण लिहिलंय, 'कॉम्प्युटरप्रमाणे बदलते'. बदलत नाही, बाई. ती का जुळत नाही ते मला कळलंच नव्हतं, आणि त्या दिवशी शुक्रवार होता, मला घरी जायची घाई होती.