गीताच्या ठेक्यावर ठोसे

३ मार्च १९५८, शिरूर
ठरलं! ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी योहान मला न्यायला येणार. बाबा चर्चचे पंच – पाळकसाहेबांसमोर शब्दच देऊन आले. मला कोणी विचारलं? आई म्हणाली, "नवरा हाय, हात उचलायचाच. रेल्वेत फायरमन हाय, दौंडात क्वार्टर हाय. आनखी काय पायजे?" नाताळात त्यानं मारलं म्हणून मी माहेरी आले; तेव्हापासून डाव्या कानानं मला नीट ऐकू येत नाही. त्याचं कोणाला काही नाही.

परत गेले तर या खेपेला मी जिवंत राहत नाही. मला माहीत आहे.

५ मार्च
दौंडात आमच्या क्वार्टरसमोर रेल्वेचं इन्स्टिट्यूट, म्हणजे साहेबलोकांचा क्लब. अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांची पोरं तिथल्या व्हरांड्यात बॉक्सिंग शिकायची. मी तांदूळ निवडत बघत बसायचे. डावा पाय पुढे, हनुवटी खाली, मुठी गालाशी. तेवढीच माझी विद्या! आज गोठ्यात भुशाचं पोतं आढ्याला टांगलं. गाय विकल्यापासून तिकडे कोणी फिरकत नाही.

६ मार्च
पहिलाच ठोसा – आणि अंगठा मुठीच्या आत! कळवळले. सुजलाय.

९ मार्च
मूठ टिकतच नाही. पोत्यापाशी हात गेला की तळवा आपोआप उघडतो. जन्मभर भाकरी थापल्यावर दुसरं काय होणार! मग बोटांना चिंधी गुंडाळली, घट्ट. आता जरा बरं.

१२ मार्च
धपधप आवाज घरात जातो. म्हणून गोठ्यात शिरले की मोठ्यानं चर्चमधलं गीत म्हणते. बाबा खूश! "पोरीला भक्तीची गोडी लागली," असं शेजाऱ्यांना सांगत होते.

१८ मार्च
गाण्यानंच घात केला. ठोसा फक्त ठेक्यावर पडतो. कडवं संपलं की हात खाली येतात, आमेनला तर डोळेसुद्धा मिटतात! योहान काय आमेनपर्यंत थांबणार आहे? आधी हसू आलं, मग रडू आवरेना. आजपासून तोंडानं एक ताल, हातानं भलताच. फार अवघड जातं.

२६ मार्च
बोटांची सालं निघाली. आईनं हळद लावली. काय झालं, विचारलं नाही.

देवा, अंगात बळ दे. नाही जमत तर त्याची बदली तरी कर, कुठे लांब!

४ एप्रिल, उत्तम शुक्रवार
उपासनेत बाबा सोसण्यावर बोलले. छान बोलतात. बायका डोळे पुसत होत्या. आई खाली बघत बसली होती.

५ एप्रिल
परवा येतोय. पोतं उलटून मारत नाही – हे मला आज सुचतंय! अजून महिनाभर हवा होता.

६ एप्रिल, ईस्टर
बाबा चर्चमध्येच थांबले. आई सरळ गोठ्यात आली. आतून कडी लावली, पदर खोचला. म्हणाली, "मूठ कशी वळायची, दाव मला."

"तुला कशाला, आई?"

"तू घरात हायेस म्हून तुझ्या बापानं हात आवरलाय. उद्या तू गेलीस, की मग?"