जमीन मऊ झालीय

वेंडेल,

मेपलच्या झाडांचा रस टपकायला लागलाय, भरलेल्या बादल्या मी बदलल्यात. कुंपणावर यंदाचा पहिला रॉबिन पक्षीही येऊन बसला. आला बाबा तुझा वसंत.

आई खोकून खोकून अर्धी झाली होती तेव्हा तू म्हणायचास, "बर्फ वितळू दे गं ताई, रस्ता मोकळा झाला की नेतो डॉक्टरकडे." त्याच रस्त्याने दर रविवारी तळ्यावर मासे धरायला मात्र जात होतास.

सकाळी दफनभूमीतून फोन आला. गोठलेली जमीन मऊ झालीय, आता खड्डा खणता येईल. जानेवारीपासून तिथल्या दगडी कोठडीत ठेवलेली आईची शवपेटी गुरुवारी पुरायची.

मी मावशीला आणायला गेलेय. सूप गरम करून घे, गाडी धुऊन ठेव.

रस्ता मोकळा झालाय. ने आता आईला.

– ताई