डाव्या मांडीचे पाच स्नायू

सोमवार, ३
काल प्रॅक्टिसला बॉल अडवताना पाय फाकला आणि डाव्या मांडीत आतून कट्‌कन काहीतरी झालं. विशेष नाही. उभ्याने पँट चढवता येत नाही, एवढंच. ऑफिसच्या फुटबॉलची फायनल २३ ला, आमचं परचेस डिपार्टमेंट विरुद्ध डिस्पॅच. सहा वर्षं परचेसचा गोलकीपर मीच.

मंगळवार, ४
हिने ओढत फिजिओथेरपिस्टकडे नेलं. बाईंनी तक्ता दाखवला. मांडीच्या आतल्या बाजूला पाच स्नायू. ओटीपोटाखालच्या हाडापासून निघून मांडीच्या हाडाला चिकटतात. एक तर थेट गुडघ्याखाली जातो. काम : पाय आत ओढून जुळवणं आणि चालताना कंबर डुगडुगू न देणं. माझा एक अर्धवट फाटलाय म्हणे. सहा आठवडे खेळ बंद. गुडघ्यांत उशी धरून दाबायची, दिवसातून तीनदा.
पाचातला एक! म्हणजे ऐंशी टक्के शाबूत. बाईंचं गणित कच्चं आहे.

शुक्रवार, ७
उशी दाबली. दोन मिनिटांत उठलो. गॅलरीत गेलो, आत आलो, परत गॅलरीत. ही म्हणाली, अहो, एका जागी टेका की जरा. हिला काय सांगू? आज ऑफिसात स्टोअरकीपर ग्लोव्हज घालून बघत होता. माझे.

मंगळवार, ११
उशी बंद. स्नायूंनाही सुट्टी हवी. पहाटे कूस बदलताना ओरडलो म्हणे. स्वप्न पडलं असणार.

सोमवार, १७
कॅप्टनने विचारलं, फिट ना? म्हटलं, शंभर टक्के. खुर्चीतून उठताना टेबल धरावं लागलं. टेबल हलतंय, असं त्याला सांगितलं.

शनिवार, २२
पट्टी बांधली. सोडली. पुन्हा बांधली. लेकीला म्हटलं, उद्या ये, बाप काय चीज आहे ते बघ.

रविवार, २३, संध्याकाळी
बरोबरी होती. शेवटचं मिनिट. त्यांच्या पॅकिंगवाल्याचा शॉट फसला आणि बॉल गवतावरून रांगत सरळ माझ्याकडे आला. फक्त पाय जुळवायचे होते. उजवा आला. डावा आलाच नाही. बॉल मधून गेला.

सोमवार, २४
पडून आहे. बाई म्हणाल्या, आता बारा आठवडे. कॅप्टनचा मेसेज आला, पुढच्या वर्षी गोलमध्ये स्टोअरकीपर. दुपारी लेक जवळ बसली. तिने तो गोल मोबाइलवर टिपलाय. बघितला. तिच्यावर चिडलो, स्लो मोशन कशाला लावलंस?
ती म्हणाली, "बाबा, लावलेलं नाहीये."