वरचे चार दात

११ जाने. ९७, शनि.
वरचे पुढचे चार दात गेले. कल्याणच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी काढले. पायरिया आणि साखर, दोघांनी मिळून हाड खाल्लंय म्हणाले. मी डोळे मिटून घेतलेले, पण दात ट्रेमध्ये पडल्याचा आवाज येतोच.

डोंबिवलीची गाडी पकडायच्या आधी आक्काकडे गेलेलो, दवाखान्याच्या मागेच राहते. सख्खी बहीण, आईच्या मागे तिनेच वाढवलं मला. दुखतंय का, विचारलं नाही. तोंडावरचा रुमाल काढायला लावला, आत बघितलं आणि म्हणाली, "आता म्हणणार कसं रे दिन्या?"

मी पण तेच घाबरलोय. ऑफिसमध्ये फाइली पुढे सरकवायला दात लागत नाहीत. पण वस्तीत लग्न असो, बारसं असो, मयत असो, त्रिशरण-पंचशील द्यायला मलाच बोलावतात. मी एक ओळ म्हणायची, सगळ्यांनी मागून म्हणायची. वीसेक वर्षं हेच चाललंय. बिनदाताचा गुरुजी कोणाला हवाय?

१९ जाने., रवि.
खालच्या मजल्यावर बारसं होतं. नाही म्हणवेना.
पहिल्याच ओळीला हवा सुटली, शिट्टीसारखी. मोठी माणसं आपलं नीट म्हणत होती. पुढे बसलेली चार-पाच पोरं मात्र मी म्हटलं तस्संच म्हणाली, शिट्टीसकट. चेष्टा नव्हती ती. गुरुजी म्हणतात तसं म्हणायचं, एवढंच त्यांना ठाऊक. हसली असती तर बरं झालं असतं.
घरी येऊन सुमनला सांगितलं, मी आता कुठे जाणार नाही. म्हणाली, "बायकोवर चिडून दात येणारेत का? बसवून घ्या आणि जा."

२७ जाने.
कल्याणचे डॉ. म्हणतात, कवळी. चारच दातांची, तारेच्या हुकाची. पंधरा दिवसांत तयार. जेवून धुवायची, झोपताना काढून पाण्यात ठेवायची.
विचारलं, "बोलताना पडते का?"
"सवय झाली की नाही पडत."
आणि सवय व्हायच्या आधी? नवरानवरीवर लोक फुलं टाकतायत आणि फुलांबरोबर माझे दात. डोळ्यांपुढून हलत नाही ते.

४ फेब्रु.
ऑ.मधल्या एकाने सांगितलं म्हणून ठाण्यात माजिवड्याला गेलो. नवीन दवाखाना, तरुण डॉक्टरबाई. इम्प्लांट करतात. म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू बसवायचे आणि त्यांच्यावर दात. हलत नाहीत, निघत नाहीत, बोलणं पहिल्यासारखं.
"आधी साखर खाली आणा. मग स्क्रू. हाडाने ते पकडायला सहा महिने, तुमच्या बाबतीत थोडे जास्तच. तोवर त्या जागेवर काही घालायचं नाही. कवळीचा दाब पडला तर स्क्रू सैल होतील."
"आणि हाडाने पकडलंच नाही तर?"
"तर काढावे लागतात."
असं म्हणाल्या, जसं काही भिंतीतला खिळाच.
बरं, नंतर बघू म्हणायचीही सोय नाही. दात नसले की तिथलं हाड झिजत जातं म्हणे. एक-दोन वर्षांनी स्क्रू धरायला हाडच उरणार नाही.
ड्रिल बघितलं. कपाटात होतं, काचेमागे. बाहेर स्टॉपवर दोन बस समोरून गेल्या, चढलो नाही. एवढा बाप्या मी.

१८ फेब्रु.
आक्का चार दिवस हॉस्पिटलात होती, आज घरी आणली. हृदय मोठं झालंय, फुप्फुसात पाणी. भाचा मला जिन्यात घेऊन गेला. "मामा, डॉक्टर म्हणतात, पावसाळा काढला तर काढला."


१९ फेब्रु.
सकाळी भिंतीवरचं कॅलेंडर उलटत होतो. सुमनने विचारलं, काय बघताय. काही नाही म्हटलं.
बघत हे होतो. स्क्रू बसवले तर पावसाळा संपेपर्यंत तोंडात भगदाड. म्हणजे आक्काने तोवर थांबायला हवं. आणि कवळी करून घेतली, तर मी तिच्या जाण्याची तयारी केली. कोणी सांगितलेलं हे दोन एकमेकांना जोडायला? पण जोडलं गेलं. आता सुटत नाही.
वडील गेले तेव्हा त्रिशरण-पंचशील द्यायला ज्यांना आणलं होतं ते घाईत होते, अर्धं गिळलं. आक्काने महिन्याभरात मला शिकायला बसवलं. तेव्हाच सांगून ठेवलंय, माझ्या वेळी तूच म्हणायचं, आणि सावकाश. इतकी वर्षं हो हो म्हणत आलो. तेव्हा सोपं होतं.

९ मार्च
कवळी आणून आठवडा झाला. माजिवड्याला कळवलेलं नाही.
टाळूला प्लॅस्टिक. आमटीला चव नाही. पहिल्या दिवशी दोनदा ओकारी आली. सुमन म्हणते, चेहरा भरलेला दिसतो. चेहऱ्याला काय करायचंय. न्हाणीघरात नळ सोडून म्हणून बघतो. दुसऱ्या ओळीपर्यंत ठीक, मग सुटते.
आक्काला अजून दाखवली नाही. दाखवली तर तिला कळेल मी कशासाठी घेतली.

१४ एप्रिल
यंदा जयंतीला माइक दुसऱ्याला दिला. घसा बसलाय, सांगितलं. मागे उभा राहून गर्दीत म्हटलं, ओठ न उघडता.

२७ एप्रिल, रवि.
हे नीट लिहून ठेवतो.
आक्का खाटेवर, उशांना टेकून. तिची पूर्ण बत्तिशी कवळीची आहे, वरची खालची दोन्ही, कितीतरी वर्षं. माझ्या तोंडाकडे बघून लगेच म्हणाली, "केलीस होय. मला काय सांगायची चोरी?" मग शिकवायला लागली. आधी पाणी पी. जीभ टाळूला लावून दाबून धर. "घाबरून तोंड आवळतोस म्हणून निसटते." आणि चेष्टा, "आता दोघांच्या वाट्या शेजारी ठेवू नका. माझे दात तू घालून जाशील."
हसलो. हसताना नाही पडली.
मग म्हणाली, "म्हण."
"काय म्हणू?"
"माझ्या वेळी म्हणशील ते. तेव्हा मला काय ऐकू येणार? आत्ता ऐकते."
मी उठलो. म्हटलं, काहीतरी अभद्र बोलू नकोस, मी निघतो.
"बस खाली."
शाळेत जायचो नाही तेव्हा म्हणायची, त्याच आवाजात. बसलो. तिने उशी बाजूला केली, आडवी झाली, छातीवर हात जोडले, डोळे मिटले. सून दारात उभी होती, ती पदर तोंडाला लावून आत गेली.
म्हणायला लागलो. आवाज माझाच वाटेना. एक ओळ म्हणून थांबलो, सवयीने, मागून लोक म्हणतात म्हणून. मागे कोण होतं? मग आक्काच म्हणाली. डोळे मिटलेले, दम लागत होता, तरी प्रत्येक ओळ पूर्ण. त्रिशरण तिसऱ्यांदा म्हणताना कवळी सुटली. अंगठ्याने वर दाबली आणि पुढे म्हटलं.
संपलं तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला. ती डोळे उघडेना. इतका भ्यालो की नाकापुढे बोट धरलं.
"आहे रे," म्हणाली.
पाणी दिलं. दोन घोट घेऊन म्हणाली, "घाई केली नाहीस. माझं झालं. आता जा आणि सुमन सांगत होती ते स्क्रू बसव."
"आणि मधेच तू..."
"मग म्हणेल कोणीही. मी माझं ऐकलंय."
जिन्यात रडलो. भाचा वर येत होता, त्याने बघितलं.

३० एप्रिल
आक्काने सोडलं मला. आता भीती कमी व्हायला हवी ना? उलट वाढली. इतके दिवस म्हणत होतो, आक्कासाठी थांबलोय. आता नुसतं ते ड्रिल आणि मी.
आणि तिला दिलेल्या शब्दाचं काय? तिने परत घेतला म्हणून तो माझ्याकडून सुटतो का? कोणीतरी परका येऊन घाईघाईत म्हणेल, आणि मी तोंडावर रुमाल धरून मागे उभा.
सुमन म्हणाली, "त्या तुम्हाला मोकळं करतायत आणि तुम्ही परत गाठ मारताय."

३ जून, मंगळ.
अर्धी रजा टाकून माजिवडा. साखर खाली आलीय. डॉक्टरबाई खूश. हाड अजून पुरेसं आहे, पण आता लांबवू नका म्हणाल्या. वही उघडली. "जुलैत दुसरा आठवडा? लिहू?"
म्हटलं, पेन्सिलीने लिहा.
हसल्या. मग माझ्याकडे बघून पेन खाली ठेवलं आणि खणात पेन्सिल शोधली.

संध्याकाळी शेजाऱ्यांकडे आक्काचा फोन. दोन-दोन शब्दांवर थांबत होती.
"बसवलेस का?"
"तारीख घेतलीय."
"कधीची?"
"पुढच्या महिन्याची."

"पुढच्या महिन्याची," माझ्या मागून म्हणाली. मग भाच्याने फोन घेतला.

जेवलो. कवळी धुतली, परत घातली. सुमन पाण्याची वाटी घेऊन आली, झोपताना तरी काढा, हिरड्या सुजतायत. आज राहू दे म्हटलं. शेजारचा फोन वाजला तर भिंतीतून ऐकू येतो.